निळा समुद्र आणि पांढरे दात

मायामीहून बहामाला जाणारी तीन-चार दिवसांची क्रूझ आता अनेक मराठी कुटुंबांच्या वाट्याला येऊ लागली आहे. या बोटींवरच्या स्पामध्ये अर्ध्या तासात दात पांढरे करून मिळतात. सफरीच्या आनंदात हा खर्च करावा की नाही?

दुपारचे चार वाजले, की मायामी बंदरातल्या बोटींचे भोंगे वाजू लागतात. शहर आणि मायामी बीच यांच्यामध्ये डॉज आयलंड नावाचं एक बेट आहे. त्याच्या काठाला पांढऱ्याशुभ्र बोटी एकामागोमाग एक ओळीने उभ्या असतात. त्यांना बोट म्हणताना जीभ अडखळते. जानेवारी 2024 मध्ये याच बंदरातून पहिल्या सफरीला निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाची लांबी सुमारे 365 मीटर आहे आणि तिला 20 डेक आहेत. सगळ्या खाटा भरल्या तर साडेसात हजारांवर प्रवासी तिच्यात मावतात. आपल्याकडचं एखादं तालुक्याचं छोटं गाव उचलून पाण्यावर ठेवावं, तसा हा प्रकार!

बोट सुटण्यापूर्वी आपत्कालीन सूचनांची उजळणी होते. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, हे सगळ्यांना समजावून सांगतात. मग बोट गव्हर्नमेंट कट नावाच्या अरुंद जलमार्गातून हळूहळू बाहेर पडते. डाव्या हाताला साउथ पॉइंट पार्कमध्ये फिरायला आलेली माणसं हात हलवून निरोप देतात आणि आपणही ओळख नसताना त्यांना हात हलवतो. तासाभरात किनारा पुसट होतो. पाण्याचा रंग हिरव्यावरून गडद निळा होतो आणि डेकवर कॅरिबियन संगीत सुरू होतं.

या गर्दीत मराठी कानावर येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत पाच-सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील नायगारा पाहतात, न्यूयॉर्क पाहतात, ऑर्लँडोला नातवंडांबरोबर डिस्नेची जत्रा करतात आणि मग सून किंवा जावई म्हणतात, "आता एक क्रूझ करूया." चालायचं कमी, सामान एकदाच उघडायचं, जेवणाची चिंता नाही. गुडघे दुखणाऱ्यांना ही सहल मानवते.

बहामालाच का जातात?

मायामीहून निघालेली बोट नुसती फ्लोरिडाच्या किनाऱ्याने फिरून का येत नाही, असा प्रश्न पडतो. त्याचं कारण 1886 सालच्या एका अमेरिकन कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ नयेत, असा तो कायदा. आणि मायामीत दिसणाऱ्या बहुतेक क्रूझ बोटी परदेशी झेंड्याच्याच आहेत. कुणाची नोंदणी बहामात, कुणाची पनामात, कुणाची माल्टात. त्यामुळे या बोटींना वाटेत एखादं परदेशी बंदर करावंच लागतं. बहामाची राजधानी नासाऊ मायामीपासून सुमारे 300 किलोमीटरवर, म्हणजे एका रात्रीच्या अंतरावर. त्यामुळे ते सगळ्यात सोयीचं.

या मार्गाचा मुंबईशीही एक धागा जुळतो. फ्रान्समध्ये बांधलेली 'नॉर्डिक एम्प्रेस' ही बोट 1990 मध्ये मायामी-बहामा अशा छोट्या सफरींसाठीच समुद्रात उतरवली गेली होती. पुढे तिची नावं आणि मालक बदलले. 2021 मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसने 'एम्प्रेस' या नावाने मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सफरी सुरू केल्या, त्या याच बोटीवर. म्हणजे मुंबईहून गोव्याला जाताना ज्या बोटीच्या डेकवर तुम्ही उभे राहिला असाल, तिने तारुण्यातली वर्षं बहामाच्या पाण्यात काढली आहेत.

वरच्या मजल्यावरचा स्पा

बोटीचं तिकीट काढताना वाटतं, आता सगळे पैसे भरून झाले. खोली, जेवणखाण, नाटकं, पोहण्याचे तलाव सगळं त्यात आलं. परंतु बोटीवर चढल्यावर हातात एक कार्ड पडतं. केबिनचं दार त्यानेच उघडतं आणि खरेदीही त्याच्यावरच होते. रोख पैसे काढावे लागत नाहीत, त्यामुळे खर्च जाणवत नाही. शेवटच्या रात्री हिशेब पाहिला की जाणवतो.

या वरकड खर्चाचं एक मोठं ठिकाण म्हणजे स्पा. तो बहुधा वरच्या डेकवर, बोटीच्या पुढच्या टोकाला असतो. मंद दिवे, निलगिरीचा वास, काचेतून दिसणारा अथांग समुद्र. तेलमालीश, चेहऱ्याचे उपचार, केशभूषा हे सगळं तिथे असतं आणि अलीकडच्या काळात त्या यादीत आणखी एक ओळ आली आहे: दात पांढरे करून मिळतील. पहिल्या दिवशी दुपारी स्पा दाखवण्याची फेरी असते. चिठ्ठ्या टाकून एखाद्या भाग्यवंताला मोफत उपचार मिळतो आणि बाकीच्यांच्या हातात दरपत्रक येतं. दातांचा दर साधारण दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात. त्यावर 18 ते 20 टक्के टिप आपोआप लागते. बोट बंदराला लागलेली असताना गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा थोडी सूटही देतात.

आमच्या बोटीवर त्या फेरीत माझ्या शेजारी पुण्याच्या एक काकू उभ्या होत्या. वय साठीच्या पुढचं. सोबत सून. सहलीनंतर आठच दिवसांनी न्यू जर्सीत धाकट्या मुलाचं लग्न. साड्या आल्या होत्या, दागिने आले होते, मेंदीवाली ठरली होती. सुनेने हळूच म्हटलं, "आई, तुम्ही परवा म्हणत होतात ना, फोटोत हसायला नको वाटतं म्हणून? हे करून घ्या. माझ्याकडून भेट."

काकूंनी ओठ मिटून घेतले. मग मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं शाळेत शिकवलं गं. दर दोन तासांनी चहा. दात पिवळे होणार नाहीत तर काय?"

स्पातली मुलगी गोड होती. तिने दातांच्या रंगांची पट्टी काकूंच्या ओठांशी धरली. "आत्ता तुम्ही इथे आहात," म्हणून एक पिवळसर खूण दाखवली आणि "अर्ध्या तासात तुम्ही इथे असाल," म्हणून चार-पाच घरं पलीकडची पांढरी खूण दाखवली. काकूंनी उद्या सांगते असं म्हटलं. तो उद्याचा दिवस नासाऊचा होता.

दात पिवळे का दिसतात?

इथे जरा थांबून दाताची रचना समजून घ्यायला हवी. दाताचं बाहेरचं कठीण आवरण म्हणजे एनॅमल. ते बरंचसं पारदर्शक असतं. त्याच्या आतला डेंटीनचा थर मुळातच पिवळसर असतो. निरोगी दातही त्यामुळे चुन्यासारखा पांढरा नसतो. वय वाढतं तसं एनॅमल झिजून पातळ होतं, आतला पिवळेपणा जास्त दिसू लागतो. म्हणजे साठीतल्या बाईचे दात विशीतल्या मुलीसारखे न दिसणं हा काही आजार नव्हे.

यावर बाहेरून डाग चढतात. चहा, कॉफी, हळद, पान, तंबाखू, मिश्री. यांतले बरेचसे डाग दंतवैद्याकडे नुसते दात साफ करून घेतले तरी निघतात. त्यासाठी ब्लीचिंगची गरजच नसते. आपल्याकडे कित्येकांना हे ठाऊक नसतं, कारण दात दुखल्याशिवाय दंतवैद्याची पायरी चढायची नाही, असा आपला शिरस्ता.

काही डाग मात्र आतूनच आलेले असतात. लहानपणी टेट्रासायक्लीन हे औषध घेतलेल्यांच्या दातांवर राखाडी किंवा तपकिरी पट्टे उमटतात. साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्यांमध्ये असे दात पाहायला मिळतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे दातांवर खडूसारखे ठिपके आणि तपकिरी डाग येतात. मार लागून मेलेला दात काळपट पडतो. या सगळ्यांवर अर्ध्या तासाचा उपाय चालत नाही. टेट्रासायक्लीनच्या डागांवर तर महिनोन्‌महिने उपचार चालू ठेवावे लागतात.

ब्लीचिंगची गोष्ट

दात पांढरे करण्याच्या आजच्या पद्धतीचा शोध जवळजवळ अपघाताने लागला. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात दात सरळ करणारे एक डॉक्टर, क्लुसमायर, हिरड्यांच्या जखमेसाठी रोग्यांना रात्री साच्यात घालून ठेवायला एक जंतुनाशक देत असत. त्यात कार्बामाइड पेरॉक्साइड होतं. हिरड्या बऱ्या झाल्याच, शिवाय दातही उजळले. 1989 मध्ये हेवूड आणि हायमन या दोन दंतवैद्यांनी या पद्धतीवर शास्त्रीय लेख लिहिला आणि ती जगभर पसरली.

तिचं काम असं चालतं. कार्बामाइड पेरॉक्साइडमधून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. ते एनॅमलमधून आत झिरपतं आणि रंगद्रव्याचे मोठे रेणू तोडतं. रंग फिका होतो. दहा टक्क्यांच्या कार्बामाइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. दंतवैद्य तुमच्या दातांचा साचा घेऊन मापाचा ट्रे बनवतो. त्यात थोडं औषध घालून दोन-तीन आठवडे रोज रात्री तो लावायचा. दवाखान्यात खुर्चीवर बसवून करायच्या पद्धतीत औषध कितीतरी तीव्र, 25 ते 40 टक्क्यांपर्यंतचं असतं. म्हणून आधी हिरड्यांवर संरक्षक थर लावतात. तो नीट लागला नाही, तर हिरडी भाजून पांढरी पडते.

आणि तो निळा दिवा? दातांसमोर धरलेला तो दिवा पाहून काहीतरी मोठं शास्त्र चालल्यासारखं वाटतं. काम मात्र मुख्यतः औषधच करत असतं. दिव्यामुळे टिकाऊ असा फारसा फरक पडत नाही, असंच आजवरच्या बहुतेक अभ्यासांचं म्हणणं आहे.

बोटीवरच्या स्पामध्ये काम करणारी मुलगी दंतवैद्य नसते. त्यामुळे तिथलं औषध सहसा सौम्य असतं. सौम्य म्हणजे धोका कमी, हे खरं. पण मग अर्ध्या तासात चार घरं पलीकडची छटा येते कशी?

आरशातला पांढरेपणा

याचं उत्तर थुंकीत आहे. एरवी दात सतत ओले असतात. ओठ ताणून ठेवणारा साचा अर्धा तास तोंडात घालून बसलं, की दात सुकतात. सुकलेलं एनॅमल जास्त पांढरं आणि अपारदर्शक दिसतं. औषध नसलं तरी हा बदल थोडाफार होतो. त्याच क्षणी आरसा समोर धरला आणि रंगांची पट्टी लावली, तर फरक डोळ्यांत भरतो. पुढच्या एक-दोन दिवसांत दात पुन्हा ओलावा घेतात आणि पांढरेपणाचा काही भाग परत जातो. खरा रंग काय उरला, हे ठरवायला दंतवैद्य आठवडा-दोन आठवडे थांबतात. तोवर तुम्ही बोटीवरून उतरून घरी पोहोचलेले असता. पट्टी धरणारी मुलगी दुसऱ्या प्रवाशांना घेऊन पुन्हा बहामाच्या वाटेवर असते. यात ती खोटं बोलते असं नव्हे. बोटीवर निकाल पाहायची वेळच चुकीची असते.

दुसरी अडचण जेवणाची. ब्लीचिंगनंतर दोन दिवस चहा, कॉफी, रेड वाइन, हळदीची आमटी, टोमॅटोचा रस्सा, चॉकलेट, कोला असलं रंगाचं काही खाऊ नका, असा सल्ला देतात. दहीभात, दूध, पांढरा पाव, उकडलेला बटाटा चालतो. आता बोटीवरचं जेवण आठवा! सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत चालणारा बुफे, त्यात आपल्या माणसांसाठी राजमा नि छोले, संध्याकाळी डेकवर रंगीत सरबतं. चार दिवसांच्या सफरीत दोन दिवस पांढऱ्या पथ्यावर काढायचे, म्हणजे ज्यासाठी पैसे भरले, त्यावरच पाणी सोडायचं.

तिसरी गोष्ट सणकेची. ब्लीचिंगनंतर दात शिवशिवणं ही अगदी सर्रास होणारी गोष्ट आहे. गार पाणी, आइस्क्रीम, आंबट काहीही लागलं की कळ जाते. निरोगी दातांत ती दोन-चार दिवसांत थांबते. दात किडलेला असेल, त्याला चीर गेली असेल, जुनं सिमेंट सुटलेलं असेल, तर मात्र औषध थेट नसेपर्यंत पोहोचतं आणि दुखणं बळावतं. म्हणूनच आधी तपासणी हवी. स्पामध्ये एक कागद भरून घेतात. एक्स-रे काढत नाहीत.

नासाऊचा दिवस

सकाळी बोट नासाऊच्या प्रिन्स जॉर्ज धक्क्याला लागली. 2023 मध्ये या बंदराला नवं रूप मिळालं. आता एकाच वेळी सहा मोठ्या बोटी इथे लागतात, आणि त्या दिवशी गावातल्या माणसांपेक्षा पाहुणेच जास्त दिसतात. सातशेहून अधिक बेटांचा हा देश 10 जुलै 1973 रोजी इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. गुलाबी रंगाच्या सरकारी इमारती, वेताच्या टोप्या आणि टोपल्यांनी भरलेला स्ट्रॉ मार्केट, डावीकडून चालणारी वाहनं. आपल्याला घरच्यासारखं वाटतं. बहामाचा डॉलर आणि अमेरिकेचा डॉलर एकाच भावाचे, त्यामुळे पैसे बदलायची कटकट नाही.

बंदरापासून थोडं चढून गेलं की क्वीन्स स्टेअरकेस लागतो. चुनखडीच्या डोंगरात कोरलेल्या 65 पायऱ्या. अठराव्या शतकाच्या शेवटी गुलामांकडून हा कडा हाताने फोडून घेतला गेला. वर 1793 मध्ये बांधलेला फिनकॅसल किल्ला आहे, त्याचा आकार बोटीच्या नाळेसारखा. पायऱ्यांना पुढे राणी व्हिक्टोरियाचं नाव मिळालं. कोरणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. दोन्ही बाजूंच्या ओल्या, शेवाळलेल्या भिंतींवर छिन्नीचे घाव पाहताना तिथे कुणी फार मोठ्याने बोलत नाही.

काकू आणि त्यांची सून खालच्या सावलीतच बसल्या होत्या. गुडघ्यांनी वर जायला नकार दिला होता. आम्ही तिघी मग अरावाक के या भागातल्या 'फिश फ्राय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टपऱ्यांकडे गेलो. तिथे माणसं तुमच्या समोर मोठ्या शंखातला जीव काढून त्याचे तुकडे करतात आणि कांदा, टोमॅटो, मिरची घालून वरून भरपूर लिंबू-संत्र्याचा रस पिळतात. हेच बहामाचं प्रसिद्ध कॉन्क सॅलड. काकू शाकाहारी. त्यांनी 'स्विचा' मागवलं. ते म्हणजे आपलं लिंबाचं सरबत. पहिलाच घोट घेतला आणि त्यांनी डावा गाल धरला.

"हा दात तसा कधीकधी ओरडतो," त्या म्हणाल्या.

सून एकदम सावध झाली. "कधीपासून, आई? बोलला नाहीत!"

"अगं, लग्नाच्या गडबडीत कुठे दाताचं काढू?"

मग बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. काकूंच्या समोरच्या दोन दातांवर कॅप होत्या. बारा वर्षांपूर्वी रिक्षातून पडल्या, तेव्हा बसवलेल्या. कॅप, सिमेंट, कृत्रिम दात यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. कॅप बसवतानाच तो आजूबाजूच्या दातांशी जुळवलेला असतो. म्हणजे उपचार अगदी उत्तम झाला असता, तर बाकीचे दात उजळले असते आणि नेमके समोरचे दोन पिवळे उठून दिसले असते. तेही लग्नाच्या फोटोत! स्पामधल्या पट्टीने हे सांगितलं नव्हतं, कारण पट्टी खऱ्या आणि खोट्या दातात फरक करत नाही.

बोटीवर दात दुखला तर

क्रूझ बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, परिचारिका असतात. परंतु दंतवैद्य सहसा नसतो. दात दुखला तर वेदनाशामक गोळी, गरज असल्यास प्रतिजैविक, आणि पुढच्या बंदरात दाखवा असा सल्ला. त्याचं बिलही त्याच कार्डावर, अमेरिकन दराने. भारतातून काढलेल्या प्रवासविम्यात दातांची मदत बहुधा अचानक उद्भवलेल्या वेदनेपुरती आणि ठरावीक रकमेपर्यंतच असते. हौसेने केलेल्या सौंदर्योपचाराचे परिणाम त्यात येतील, असं धरून चालू नये.

तक्रार करायची झाली, तर वाट आणखी लांब. भरसमुद्रात बोटीवर तिच्या झेंड्याच्या देशाचा कायदा लागू असतो. बऱ्याच बोटींवरचा स्पा क्रूझ कंपनी स्वतः चालवत नाही. ते काम वेगळ्या कंपनीकडे असतं आणि तिच्या कामाची जबाबदारी आमच्यावर नाही, असं तिकिटाच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दावा कुठे लावायचा, हेही तिथेच ठरलेलं असतं. मायामीच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो फ्लोरिडातच लावावा लागतो. वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याने हे आव्हान देऊन पाहिलं होतं. बाई बोटीवर घसरून पडल्या होत्या आणि त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला. 1991 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिकिटावरची अट ग्राह्य धरली. अमेरिकेतल्याच माणसाची ही कथा, तर पुण्या-नाशिकच्या माणसाने काय करायचं?

दात पांढरे करणं हे दंतवैद्याचं काम की ब्यूटी पार्लरचं, यावर जमिनीवरही एकमत नाही. युरोपीय संघाने 2012 पासून नियम केला. 0.1 ते 6 टक्के पेरॉक्साइडचं औषध फक्त दंतवैद्याकडेच विकायचं, पहिला उपचार त्यानेच किंवा त्याच्या देखरेखीखाली करायचा आणि अठरा वर्षांखालच्यांना ते वापरायचं नाही. इंग्लंडच्या उच्च न्यायालयानेही 2013 मध्ये हे दंतवैद्यकच आहे असा निकाल दिला. अमेरिकेत मात्र मॉलमध्ये हातगाडीवजा दुकानांत हा उद्योग फोफावला. नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाने त्यांना नोटिसा धाडल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2015 मध्ये मंडळ हरलं. तो निकाल उपचार सुरक्षित आहे की नाही यावर नव्हता. व्यवसायातल्याच लोकांच्या मंडळाला सरकारी देखरेखीशिवाय स्पर्धकांना असं रोखता येईल का, इतकाच प्रश्न होता.

मग करावं की करू नये?

दात स्वच्छ आणि मजबूत, कॅप नाही, कीड नाही, गेल्या सहा महिन्यांत दंतवैद्याने तपासलेलं, डाग फक्त चहाचे, आणि दीडशे डॉलर हौसेपोटी गेले तरी चालतील, अशी स्थिती असेल तर बोटीवरच्या सौम्य उपचाराने फार नुकसान होण्याची शक्यता नाही. फायदाही बेताचाच होईल. पण वर सांगितलेल्यांपैकी एका जरी गोष्टीची शंका असेल, तर बोट ही त्याची जागा नव्हे. दात पांढरे करण्यात वाईट काही नाही. त्याला आधी तपासणी, मग थोडे दिवस पथ्य आणि शेवटी निकालाची वाट पाहण्याचा धीर लागतो. चार दिवसांच्या सफरीत यांपैकी एकही मिळत नाही.

काकूंनी संध्याकाळी स्पात नकार कळवला. त्या पैशांचं काय करायचं, यावर सासू-सुनेचं थोडं वाजलं. शेवटी असं ठरलं की न्यू जर्सीला पोहोचल्यावर आधी डाव्या बाजूचा दात दाखवायचा आणि दात साफ करून घ्यायचे. कॅपचं काम पुण्याला परतल्यावर नेहमीच्या डॉक्टरांकडे. रात्री डेकवर वारा सुटला होता. सुनेने फोन पुढे केला आणि म्हणाली, "आई, हसा ना." काकूंनी आधी सवयीने ओठ मिटले. तेवढ्यात वाऱ्याने सुनेची ओढणी उडून तिच्याच तोंडावर बसली आणि काकू खळखळून हसल्या. फोटो निघाला तो असा, सगळ्या दातांसकट. लग्नाच्या पत्रिकेबरोबर नातेवाइकांना तोच पाठवायचा, असं सुनेने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

निघण्यापूर्वी एवढं करा

• अमेरिकेला निघण्यापूर्वी महिनाभर आधी भारतातच दात तपासून घ्या. अमेरिकेत दातांचा खर्च फार येतो.

• ब्लीचिंग करायचंच असेल, तर आधी कीड भरून घ्या, दात साफ करून घ्या आणि समारंभाच्या किमान दोन-तीन आठवडे अगोदर ते उरका.

• समोरच्या दातांवर कॅप किंवा सिमेंट असेल, तर आधी ब्लीचिंग आणि मग रंग स्थिरावल्यावर नवी कॅप, हा क्रम विचारून ठरवा.

• गरोदर स्त्रियांनी, अंगावर पाजणाऱ्या मातांनी आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी हा उपचार टाळावा.

• सोडा, लिंबू, मीठ किंवा कोळसा घासून दात पांढरे करण्याच्या घरगुती युक्त्यांच्या नादी लागू नका. त्याने एनॅमल झिजतं आणि दात उलट अधिक पिवळे दिसतात.

• बोटीवर स्पामध्ये काहीही करून घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: औषधात काय आणि किती टक्के आहे, आणि टिप धरून एकूण किती डॉलर लागतील? उत्तर नीट मिळालं नाही, तर सरळ डेकवर जाऊन बसा. समुद्र तुमच्या तिकिटातच आलेला आहे.